गढीतले कार्य आणि गढीतला मुक्काम

मुलामुलीचे लग्न, वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन किंवा विखुरलेल्या घराण्याचे संमेलन एखाद्या जुन्या किल्ल्यात, राजवाड्यात अथवा गढीत करावे, दोन-तीन दिवस सर्व आप्तेष्टांनी तेथेच मुक्काम करावा आणि तेवढ्या काळापुरती ती संपूर्ण वास्तू आपल्याच ताब्यात असावी, अशी हौस नांदेड आणि लातूरकडील सुखवस्तू कुटुंबांत हल्ली वारंवार ऐकू येते. हौस वाईट नाही. परंतु मंगल कार्यालय ठरविण्याच्या सवयीने जो गृहस्थ गढी ठरवावयास जातो, त्याचा बहुधा विरस होतो, आणि त्याच्याहून अधिक नुकसान त्या वास्तूचे होते. कार्यालय कार्यासाठीच बांधलेले असते. गढी संरक्षणासाठी, धान्यसंचयासाठी आणि एका कुटुंबाच्या राहणीसाठी बांधलेली असते. म्हणून वास्तूची प्रकृती पाहून कार्याचा आकार ठरवावा, कार्याच्या आकारासाठी वास्तूला वाकवू नये, हे सूत्र आरंभीच मनाशी पक्के करावे. पुढील सर्व सूचना त्याच सूत्रातून निघतात.

ही प्रथा ज्या देशांत रुळलेली आहे, तेथेही हेच सूत्र पाळले जाते. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा आणि स्टर्लिंग येथील शासकीय देखरेखीखालील किल्ल्यांत ठरावीक दालने विवाहासाठी व मेजवान्यांसाठी भाड्याने मिळतात. रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुशिल्पकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस नव्याने घडविलेल्या कलेन किल्ल्याचा वरचा मजला 1945 मध्ये सेनापती आयझेनहॉवर यांना कृतज्ञतापूर्वक राहण्यास देण्यात आला होता, आणि पुढे तोच मजला पाहुण्यांच्या मुक्कामासाठी खुला झाला. आपल्या जवळचे उदाहरण हैदराबादचे. पायगा घराण्यातील विकार-उल-उमरा यांनी 1884 मध्ये बांधावयास घेतलेला फलकनुमा पॅलेस पुढे सहाव्या निजामाकडे गेला आणि 2010 पासून तेथे ताज समूहाचे हॉटेल आहे. तेथील 101 आसनांचे भोजनाचे मेज आजही पाहुण्यांच्या कौतुकाचा विषय असते. पुणे जिल्ह्यात सासवडजवळ पिलाजीराव जाधवरावांची 1710 मधील गढी जाधवगड या नावाने हॉटेल म्हणून चालते. अशा ठिकाणी व्यवस्था बसलेली असते, दर ठरलेले असतात, जबाबदारी कोणाची हे स्पष्ट असते. ज्यांचा खर्चाला हात सैल आहे आणि ज्यांना यातायात नको आहे, त्यांनी सरळ अशीच जागा धरावी. प्रस्तुत लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांना आपल्याच मुलखात, आपल्याच मातीच्या वास्तूत कार्य करावयाचे आहे.

किल्ला आणि गढी

प्रथम किल्ला आणि गढी यांतील भेद ध्यानी घ्यावा. कंधारचा राष्ट्रकूटांच्या परंपरेतील खंदकवेष्टित भुईकोट, औशाचा बहमनीकालीन किल्ला, अथवा 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामावर जेथे विजय मिळविला त्या उदगीरचा किल्ला, यांपैकी एकही वास्तू मंगलकार्यासाठी मिळेल अशी आशा धरू नये. राज्य संरक्षित स्मारकांना 1960 चा राज्याचा अधिनियम लागू होतो. केंद्र संरक्षित स्मारकांस 1958 चा कायदा आणि 1959 चे नियम लागू होतात, आणि त्या नियमांनुसार सभा, स्वागतसमारंभ किंवा मेजवानी केंद्र शासनाच्या लेखी परवानगीवाचून स्मारकात करता येत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये राज्यातील काही किल्ले हॉटेल व समारंभांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा विचार बाहेर आला, तेव्हा महाराष्ट्रभर प्रक्षोभ उसळला, आणि शिवछत्रपतींच्या इतिहासाशी निगडित किल्ल्यांना हात लावला जाणार नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला. ज्या ठिकाणाशी लोकांची श्रद्धा जडलेली आहे, तेथे कायद्याची वाट मोकळी असली तरी विवेकाची नसते, एवढे त्या प्रकरणावरून समजून घ्यावे.

किल्ल्याचा सहवास ज्यांना हवाच आहे, त्यांनी तो दर्शनापुरता ठेवावा आणि कार्य अन्यत्र करावे. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचा नळदुर्ग याकरिता उत्तम होय. सोलापूरहून सुमारे 50 किलोमीटरवर बोरी नदीचे पात्र अडवून बांधलेला तेथील आदिलशाही पाणीमहाल आणि पावसाळ्यात त्याच्या दोहो अंगांनी कोसळणारे नर-मादी धबधबे पाहुण्यांना एका दिवसात दाखविता येतात. निजाम आणि इंग्रज यांच्यातील 1853 च्या तहानंतर इंग्रज अधिकारी कर्नल मेडोज टेलर याच किल्ल्यात राहून मुलकी कारभार पाहत असे. राज्याच्या वैभव संगोपन योजनेखाली या किल्ल्याची देखभाल एका खाजगी संस्थेकडे सोपविण्यात आली, आणि त्या निमित्ताने तेथे पर्यटकांची सोय पुष्कळ सुधारली. तथापि तेथेही कोणताही खाजगी समारंभ योजण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे लेखी अर्ज करून लेखी उत्तर हाती पडेपर्यंत पत्रिका छापावयास टाकू नये.

गढीची गोष्ट निराळी. देशमुख, देशपांडे, जहागीरदार, इनामदार यांच्या गढ्या मराठवाड्यातील गावोगाव आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक खाजगी मालकीच्या आहेत. हैदराबाद संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, पुढल्याच वर्षी जहागिऱ्या खालसा झाल्या, त्यानंतर कूळकायदा आणि जमीनधारणेची मर्यादा आली. ज्या उत्पन्नावर गढीची डागडुजी चालत असे ते उत्पन्नच आटले, आणि घरातील कर्ती माणसे नोकरीधंद्यासाठी हैदराबाद, पुणे, मुंबईकडे गेली. म्हणून आज उभी दिसणारी गढी कोणा एका वृद्ध दांपत्याच्या जिद्दीवर उभी असते. भाड्याने येणारे चार पैसे तिच्या माळवदाला पडले तर ती आणखी काही वर्षे टिकते, आणि या दृष्टीने आपली हौस तिच्या उपयोगीही पडू शकते.

हक्क, वारस आणि करारनामा

गढी पाहून मन हरखले तरी बयाण्याचा पैसा खिशातून काढण्यापूर्वी तिची मालकी तपासावी. गावठाणातील वास्तूसाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा किंवा मिळकतपत्रिका पाहावी, आणि भोवतालच्या मोकळ्या जागेचा सातबारा व त्यावरील फेरफार पाहावेत. तीन पिढ्यांत वाटणी झालेली नसेल तर वारसांची संख्या सहज वीस-पंचवीसांवर जाते. देवडी एका भावाकडे, ढाळज दुसऱ्याकडे, आड सामाईक, असा प्रकार असतो. ज्याने होकार दिला त्याच्या मनात खोट नसते, पण ज्याला विचारले नाही असा चुलत भाऊ हळदीच्या सकाळी देवडीला कुलूप लावून बसला, तर त्याला उठविण्यास तहसीलदारही त्या दिवशी येणार नाही. म्हणून सर्व सज्ञान वारसांची लेखी संमती, अथवा एकाच्या नावे रीतसर मुखत्यारपत्र असल्याची खातरजमा केल्याखेरीज पुढे जाऊ नये. पाहुण्यांना नियमित उतरवून घेणारी गढी असेल तर पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत तिची नोंदणी आहे काय, हेही विचारावे.

करारनामा मुद्रांकावर करावा आणि त्यात गोड शब्दांपेक्षा नेमके तपशील अधिक असावेत. ताबा कोणत्या तारखेला किती वाजता मिळणार आणि कधी सोडावयाचा. मांडव घालण्याचा व उतरविण्याचा दिवस भाड्यात धरलेला आहे किंवा नाही. कोणत्या खोल्या, कोणता जिना, कोणता बुरूज वापरात आणि कोणता वर्ज्य. पाहुण्यांची कमाल संख्या. अनामत रक्कम किती आणि ती किती दिवसांत परत मिळणार. मुहूर्त पुढे गेल्यास किंवा घरात सुतक आल्यास बयाण्याचे काय. ही कलमे स्पष्ट लिहून घ्यावीत. ताबा घेतेवेळी उभय पक्षांनी मिळून चीजवस्तूंची यादी करावी. झुंबर, तसबिरी, पितळी समया, पलंग, दारांच्या कड्या यांची छायाचित्रे त्याच वेळी काढून ठेवावीत आणि ज्या खापरीला आधीच तडा आहे तिची नोंद आवर्जून करावी. असा पंचनामा झाला म्हणजे शेवटच्या दिवशी तोंड वाईट करण्याचा प्रसंग येत नाही.

वास्तूची पाहणी

मराठवाड्यात, विशेषतः लातूरच्या दक्षिण भागात, जुन्या वास्तूत माणसे उतरविण्यापूर्वी एका तारखेचे स्मरण ठेवले पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे 8,000 माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील बहुसंख्य आपल्याच घराच्या दगडमातीखाली गाडली गेली. त्या घरांची रचना गढीच्या रचनेहून फार वेगळी नव्हती. जाड भिंत म्हणजे बाहेरून एक आणि आतून एक असे दोन दगडी थर, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड नसले की हादऱ्याने थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत पोट काढते. त्यावर सागवानी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण आणि किलचणावर हातभराहून अधिक पांढरी माती, हे माळवद. उन्हाळ्यात ते घर थंड ठेवते हे खरे. पण दर पावसाळ्यापूर्वी नवी माती चढवीत गेल्याने त्याचे ओझे पिढ्यान्पिढ्या वाढत जाते, हेही तितकेच खरे.

यास्तव जुन्या बांधकामाची जाण असलेला स्थापत्य अभियंता बरोबर नेऊन एकदा सावकाश पाहणी करून घ्यावी. भिंतीला ओळंबा लावून ती कोठे फुगली आहे का पाहावे. तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते तेथे वाळवीची माती दिसते का, खिळा टोचला असता लाकूड मऊ लागते का, हे तपासावे. किलचणावर ओलीचे काळे डाग असतील, तर त्या खोलीत कोणासही झोपवू नये. माळवदावर पाहुण्यांची गर्दी, वाद्यवृंद किंवा नाच यांस कदापि परवानगी देऊ नये. त्या छताने धान्याची वाळवणे आणि उन्हाळ्यातील चार अंथरुणे सोसली, म्हणून दोनशे माणसांचा ठेका सोसेल, असे समजणे आत्मघाताचे आहे.

जमिनीखालीही पाहावे. गढीच्या चौकात आणि बाहेरच्या मैदानात ज्वारी साठविण्याची पेवे असत. त्यांतील अनेक वरवर बुजविलेली आहेत. पाण्याचा टँकर किंवा मांडवाचा ट्रक अशा पेवावर आला तर चाक खचते आणि प्रसंगी माणूसही आत जातो. घरातील जुन्या गड्याला विचारून पेवांच्या जागा चुन्याने आखून घ्याव्यात आणि जड वाहने त्यांच्यापासून दूर थांबवावीत. आडाचा कठडा बहुधा बुटका असतो. त्यावर जाळी किंवा फळ्या बसवून घेतल्याशिवाय मुलांना चौकात मोकळे सोडू नये. वर बुरुजाच्या कपारीत आग्या मोहोळ आहे काय, हेही पाहून ठेवावे. फटाके, धूर आणि ढोलताशांचा दणका यांनी ही माशी उठली, तर वऱ्हाडाची पळता भुई थोडी होते. मोहोळ असेल तर त्या बाजूला कार्यक्रमच ठेवू नये, आणि जाणकाराकडून ते आधी हलवून घेतल्यास फार उत्तम.

पाणी, वीज आणि आचारी

मोसम निवडताना मुहूर्ताइतकाच ऋतूचा विचार करावा. वैशाखात आपल्याकडे पारा 42 अंशांपलीकडे जातो आणि विहिरी तळ दाखवितात. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, याचा विसर पडू देऊ नये. पावसाळ्यात माळवद गळते. तुळशीच्या लग्नापासून शिवरात्रीपर्यंतचा काळ गढीतील कार्याला सर्वांत सोयीचा. तरीही गावाच्या नळयोजनेवर किंवा घरच्या आडावर विसंबून राहू नये. टँकर आधी ठरवावा, आणि पिण्याचे पाणी स्वतंत्र आणवावे.

गढीतील वीजतारा दोन पंख्यांसाठी आणि चार दिव्यांसाठी ओढलेल्या असतात. रोषणाई, ध्वनिक्षेपक आणि शीतपेट्या यांचा भार त्यांवर टाकू नये. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी, जनरेटर भिंतीपासून दूर मैदानात ठेवावा, आणि तापणारे प्रखर दिवे सागवानी कोरीवकामाजवळ लावू देऊ नयेत. सजावटीच्या ठेकेदाराला तीन गोष्टी लेखी बजावाव्यात: लाकडात खिळा नाही, दगडावर चिकटपट्टी नाही, चौकात खांबासाठी खड्डा नाही. मांडव वजनाच्या बैठकीवर उभा राहतो. हळदीचा कार्यक्रम फरसबंदीवर ताडपत्री अंथरूनच करावा, कारण सच्छिद्र दगडात मुरलेला तेल-हळदीचा डाग घासून निघत नाही.

आचाऱ्याची भट्टी तटाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावावी. पंगत मात्र सोप्यात बसवावी. खांबांच्या दोन ओळींमध्ये पाने मांडली की वाढप्यांची ये-जा सुरळीत होते आणि वास्तूचा मूळ उपयोगही साधतो. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, निलंगा राईस असा मुलखाचा बेत ठेवला तर दूरच्या पाहुण्यांनाही त्याचे अप्रूप वाटते. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून आहे. गढीच्या भिंतीआड तो आपोआप शिथिल होतो, अशा भ्रमात राहू नये. कार्याची लेखी वर्दी पोलीस ठाण्यास आणि ग्रामपंचायतीस आधीच द्यावी.

मुक्काम

मुक्कामाच्या बाबतीत संख्या निर्दयपणे कमी ठेवावी. ज्या गढीत पूर्वी पन्नास माणसे राहत, तेथे आज तितकीच माणसे सुखाने राहतील असे नाही. पूर्वीच्या माणसांना खोलीगणिक न्हाणीघराची अपेक्षा नव्हती. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना तळमजल्यावरच्या पक्क्या खोल्या द्याव्यात. तरुण मंडळींची सोय सोप्यात करावी, आणि उरलेल्या पाहुण्यांसाठी नांदेड, लातूर किंवा उदगीर येथील लॉज राखून ठेवून गाड्यांची व्यवस्था करावी. फिरत्या शौचालयांची योजना पाहुण्यांच्या संख्येच्या मानाने आधीच करावी, कारण घरच्या एकमेव शोषखड्ड्यावर सारा भार पडला तर दुसऱ्याच दिवशी सर्वांची पंचाईत होते. जिने अरुंद, पायऱ्या उंच आणि चौकटी ठेंगण्या असतात. प्रत्येक वळणावर मंद दिवा रात्रभर जळत ठेवावा. अंथरूण जमिनीवर न घालता बाजेवर किंवा खाटेवर घालावे, आणि विंचू-काट्याच्या भीतीने पादत्राणे झटकून घालण्याची सूचना शहरी पाहुण्यांना पहिल्याच संध्याकाळी द्यावी. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोठे आहे आणि रात्री तेथे कोण असते, हे यजमानाला ठाऊक असलेच पाहिजे. एक गाडी चालकासह रात्रभर दाराशी उभी असावी.

ज्यांच्या गढीत आपण उतरतो, त्यांचे कुळाचार तेथे अद्याप चालू असतात. देवघराची वेळ, सोवळ्याओवळ्याचे नियम, सामिष भोजन व मद्य यांबाबत घराची रीत आधी विचारून घ्यावी, आणि ती मान्य नसेल तर दुसरी जागा पाहावी. कार्याच्या दिवशी हुज्जत घालू नये. तटाशी पिराचा दर्गा किंवा ग्रामदैवताचे ठाणे असेल, तर गावकऱ्यांचा जाण्यायेण्याचा हक्क अबाधित ठेवावा. गढीसमोरचे मैदान पोळ्याला आणि दसऱ्याला साऱ्या गावाचे असते. तेथे चार दिवस दोर बांधून पहारेकरी उभे केले तर गावाला ते रुचत नाही, आणि ज्या कुटुंबाने आपल्याला जागा दिली त्याला त्याचा बोल लागतो. सरपंच, पोलीस पाटील आणि आसपासची चार घरे यांना स्वतः जाऊन आमंत्रण द्यावे. शक्य असेल त्याने एक पंगत गावासाठी ठेवावी. वाढपी, दिवेवाले, सफाईची माणसे शक्यतो गावातलीच घ्यावीत आणि त्यांची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी.

एवढी सारी यातायात वाचून ज्यांचे मन कचरले असेल, त्यांनी निःसंकोचपणे कार्यालय ठरवावे. त्यात काही उणेपणा नाही. ज्यांची पाहुण्यांची यादी दोनशेच्या आत येत नाही, ज्यांना फटाके आणि डीजे यांवाचून लग्न लागल्यासारखे वाटत नाही, त्यांच्यासाठी गढी नव्हेच. परंतु मोजक्या माणसांत, दोन दिवस निवांतपणे, जुन्या सोप्यात आप्तांची पंगत बसावी अशी ज्यांची खरोखर इच्छा आहे, त्यांनी पावसाळा सरताच, माळवद किती गळले हे दिसत असतानाच, गढी पाहावयास जावे. आणि हिशेब पुरा झाल्यावर, भाड्याखेरीज यथाशक्ती एक रक्कम केवळ डागडुजीसाठी म्हणून मालकाच्या हाती निराळी द्यावी व तिची पावती घ्यावी. तुळई बदलण्यास लागणारा पैसा आज बहुतेक गढ्यांना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही.